ओळखीचं फूल

अण्णांनी माझ्या स्वेटरच्या विणीचा नमुना हातात घेतला आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तो उलटा केला. सोलापुरात कापड असंच बघतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. चादर घ्यायला आलेलं लग्नघरचं माणूससुद्धा आधी मागची बाजू चाचपतं, कारण आमच्या चादरीला उलटी बाजूच नसते. एकीकडे लालावर पांढरा मोर असेल तर दुसरीकडे पांढऱ्यावर लाल, आणि दोन्हीकडून तितकाच नेटका. माझ्या नमुन्याचं तसं नव्हतं. समोरून पांढऱ्या लोकरीवर आठ पाकळ्यांचं लाल फूल आणि मागे नुसते आडवे, लोंबते दोरे. अण्णांनी त्यातल्या एका दोऱ्याखाली करंगळी घातली, हलकेच ओढून बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मागं हे असं का सोडलाव?"

"ते आत जातं अण्णा, अंगाकडच्या बाजूला. बाहेरून दिसत नाही."

"दिसत न्हाई," ते म्हणाले. हा होकार नव्हता. मग त्यांनी माझा कागद मागितला. कागद म्हणजे लेकीच्या गणिताच्या वहीचं पान, चौकोनाचौकोनात पेन्सिलीनं भरलेलं फूल. त्याच्यावर त्यांची नजर दोन सेकंदही टिकली नसेल. "घर चौकोनी हाय. तुमचा टाका चौकोनी हाय का?" तो नसतो. विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. हे मी कैकदा वाचलेलं होतं, आणि तरीही तीन दिवस फूल बसकं का येतंय म्हणून लोकरीला दोष देत होते. माझ्या विणीत 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात आणि ओळी 28. चोवीस बाय चोवीस घरांचं फूल कागदावर ऐटीत गोल दिसतं. सुयांवर ते 11 सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच होतं. अण्णांनी अंगठ्याच्या नखानं टाके मोजले, ओळी मोजल्या, ओठ हलले. हिशेब ते मनातल्या मनात तेलुगूत करतात. "चोवीसला तीस-एकतीस घ्या, उभं. मग बसंल." घरी येऊन मी कॅल्क्युलेटरवर केलं, 30.5 आलं.

चहा आला, विषय बदलला. निघताना नमुना परत देता देता ते सहज म्हणाले, "फूल ओळखीचं वाटायलंय."

मी हसले. अशोक चौकातून गाडी वळवली, पुढे सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिले, तेव्हा कुठे ते वाक्य टोचलं. कारण हा स्वेटर कसा विणायचा ते सांगणारी जी फाइल मी आठ दिवसांनी नेटवर विकायला ठेवणार होते, तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: डिझाइन आणि सर्व हक्क, आणि पुढे माझं नाव.

अण्णा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील. पूर्व भागात ज्या गल्लीत त्यांचं घर आहे तिथे दुपारी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. दोन्ही बाजूंना माग, खटखट इतकी एकसंध की ती थांबली की कान दुखायचे. उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, हवेत सुताची पिंज, ती पापण्यांवर बसायची आणि मैत्रीण शाळेत यायची ती म्हातारी झाल्यासारखी. तिचे वडील मागावर बसत नाहीत, "चित्रं काढतात," एवढंच आम्हाला माहीत होतं. मला तेव्हा वाटायचं, सिनेमाची पोस्टरं काढत असतील. ते काढायचे ग्राफ. चादरीवरचा मोर, टॉवेलावरचं कमळ, देवळाची कमान, सगळं आधी घराघरांच्या मोठ्या कागदावर, एकेक घर लाल रंगानं भरत. उभी घरं ताण्याची, म्हणजे उभ्या दोऱ्यांची, आडवी बाण्याची. त्या कागदाची घरंसुद्धा चौकोनी नसतात. सूत किती जाड, इंचात किती दोरे, त्याप्रमाणे कागद निवडायचा. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. दोनशे फेऱ्यांचं फूल असेल तर दोनशे पुठ्ठे, दोरीत ओवलेले, मागाच्या डोक्यावर माळेसारखे फिरणारे. भोक असेल तिथे दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. अण्णांनी आयुष्यात इतके मोर काढले, पण त्यातला एकही स्वतः विणला नाही. सही कुठे करायचात, असं मी एकदा विचारलं होतं. "सही मालकाची. चेकवर," म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

सोलापुरात बसून स्वेटर, हे ऐकूनच लोकांना हसू येतं. येऊ दे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. इथला माणूस स्वेटर घालतो तो दिवाळी ते संक्रांत, तेही पहाटे हुरड्याला शेतावर जाताना किंवा रात्री गड्ड्याच्या जत्रेत, आणि नऊ वाजता तो कमरेला बांधून फिरतो. माझी विकत घेणारी माणसं थंड देशांतली, पण सूत हाताळायचं मला, कूलरसमोर, ओल्या बोटांनी. घामेजल्या हातात लोकर सुईला चिकटते, टाका सरकत नाही, दर थोड्या वेळानं उठून हात धुवायचे. एक फायदा मात्र आहे. नमुना विणला की तो धुवून, वाळवून मगच मोजायचा असतो, कारण धुतल्यावर वीण सैल पडते आणि कोरडा मोजलेला नमुना खोटं बोलतो. थंड देशातल्या बाया तो वाळायची दोन-दोन दिवस वाट बघतात. माझा गच्चीवर तासाभरात कडकडीत होतो.

डिझायनर म्हणजे चित्र काढणारी, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात चित्र दोन संध्याकाळींत होतं. पुढचे दोन महिने जातात ते वाक्यं लिहिण्यात आणि भागाकारात. शिंप्याकडे कापड तयार असतं, तो कात्री चालवतो. इथे कापड आणि कपडा एकाच वेळी जन्माला येतात. खांदा हवा तर टाके वाढवायचे, गळा हवा तर कमी करायचे, आणि कुठल्या ओळीत, कितव्या टाक्याला, हे आधी सांगून ठेवायचं. त्यात मापं नऊ. बारीक मुलीपासून धिप्पाड बाईपर्यंत प्रत्येकीच्या खांद्यावरून तेच फूल पूर्ण फिरलं पाहिजे, मध्येच अर्धं तुटून चालत नाही. फूल 11 सेंटिमीटरचं, मापं मात्र पाच-पाच सेंटिमीटरनं वाढतात. म्हणजे एक तर फूल बदला, नाही तर दोन फुलांच्या मधली जागा लबाडीनं कमी-जास्त करा. मी लबाडी करते. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. चारशे हुकांच्या जॅकार्डवर, म्हणजे पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या त्या मागावर, त्यांना हीच अडचण, रुंदीत फूल पुरं बसलंच पाहिजे. "मधी एक पान घालायचं. बारकं. कुनाला कळत न्हाई."

एवढं करून फाइल जाते चाचणीवाल्यांकडे. या जगभर विखुरलेल्या बाया, कधी एखादा पुरुष, माझं लिखाण वाचून पहिल्यांदा विणून बघतात आणि चुका काढतात. त्यांच्याइतकं निष्ठुर वाचन माझं कुणी केलेलं नाही. 'इथून पुढे तसेच विणा' असं मी लिहिलं होतं. एकीनं विचारलं: कुठून पुढे, आणि कसेच? माझी आई असती तर म्हणाली असती, हातात सुया आहेत ना, कळेल की.

आईनं एक ओळही लिहिली नाही. ती शाळेत शिकवायची आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत विणायची. बोलणं चालू, वह्या तपासणं चालू, सुया टेबलाखाली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिचे नमुने होते, तळहाताएवढे तुकडे, जाळीचे, वेणीचे, साबुदाण्याचे. कुणाला एखादी वीण आवडली की तो तुकडा घरी न्यायचा, टाके मोजायचे, उलटसुलट समजून घ्यायचं आणि तुकडा परत आणून द्यायचा, शक्यतो सोबत स्वतःचा एखादा नवा. त्या डब्यातले निम्मे तुकडे आईचे नव्हतेच, आणि कुठले निम्मे हे तिलाही सांगता आलं नसतं. शेजारणीला दिवस गेले की हिच्या मांडीवर आपोआप कुंची दिसायची. माप म्हणजे वीत आणि चार बोटं. छातीला घातलेल्या टाक्यांचा पाचवा हिस्सा मनगटाला, तिसरा दंडाला, बस.

पुढे कितीतरी वर्षांनी मी एलिझाबेथ झिमरमन या बाईंबद्दल वाचलं आणि चहा गार होऊ दिला. जन्म 1910, इंग्लंडचा. संसार अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये. गेल्या 1999 मध्ये. आज माझ्यासारख्या सगळ्या जणी ज्यांचं देणं लागतात अशा त्या. त्यांची ती प्रसिद्ध टक्केवारी: छातीचे टाके शंभर धरा, मनगटाला 20 टक्के, दंडाला 33, गळ्याला 40. वीस टक्के म्हणजे पाचवा हिस्सा! हे आमच्या शिक्षकखोलीत कुणी टक्क्यांत म्हटलं नव्हतं इतकंच. त्यांनी गोल विणायला दिलेला स्वेटर एका मासिकानं परस्पर सपाट तुकड्यांत बदलून छापला, तेव्हा चिडून त्यांनी स्वतःचं पत्रक काढलं आणि आपल्या शब्दांत लिहायला लागल्या. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनही त्या विणत. (हे त्यांनी आमच्या सात रस्त्यावर करून दाखवावं.) पण मला त्यांची आठवण येते ती एका शब्दासाठी. एखादी नवी युक्ती सुचली की 'मी शोध लावला' असं म्हणायला त्या तयार नसत. दोन सुया आणि लोकर घेऊन शतकानुशतकं बाया बसलेल्या आहेत, कुणाच्या तरी हातून हे आधी झालंच असणार. म्हणून त्यांनी इंग्रजीतला शोधाचा शब्दच मोडून एक वाकडा शब्द केला. मराठीत मी त्याला 'उसवून सापडलेलं' म्हणते. गंमत अशी की इतकं म्हणूनही नाव त्यांचंच राहिलं, कारण त्यांनी लिहून ठेवलं.

आणि न लिहिणारीचं काय होतं, तेही नोंदलेलं आहे. 1927 साली पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेल्ली या फॅशन डिझायनरनं काळ्या स्वेटरवर पांढरा बो विणून घेतला, खराखुरा नव्हे, वीणीतच उमटलेला. त्या एका स्वेटरनं तिचं नाव झालं. ती वीण मात्र तिची नव्हती. मैत्रिणीच्या अंगावरचा एक स्वेटर तिनं बघितला, तो विणणाऱ्या आर्मेनियन बाईला गाठलं आणि आपलं चित्र काढून दिलं. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा जमला. त्या बाईचं नाव आरुसियाग मिकाएलियान. मला ते शोधावं लागलं. बाजू कुणाची घ्यावी हे मला अजून ठरवता येत नाही, कारण बो सुचणं हेही काम आहे आणि मी स्वतः त्याच कामाचे पैसे घेते.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी माळ्यावर चढले. आईची जुनी चादर तिथे आहे, तपकिरी आणि सायीच्या रंगाची, इतक्या वेळा धुतलेली की आता ती चादर कमी आणि चामडं जास्त वाटते. लहानपणी दुपारी फरशीवर ती अंथरून आम्ही झोपायचो. जाड चादर, कूस बदलली नाही तर उठल्यावर गालावर नक्षी उठलेली असायची आणि आई ती अंगठ्यानं पुसायला बघायची. मी बॅटरी मारली. काठावर फूल होतं, आठ पाकळ्यांचं. पाकळीच्या टोकाशी एक घर रिकामं. माझ्या फुलातही तिथे एक घर रिकामं आहे. अख्ख्या आकृतीत मला माझं म्हणावंसं वाटत होतं ते तेवढंच होतं, बाकी आठ पाकळ्या काय, कुणीही काढेल. ते रिकामं घर एका रात्री अचानक सुचलं होतं आणि मी खूश होऊन दिवा मालवला होता.

म्हणजे माझ्या गालावर उठून गेलेलं फूल मी विकायला काढलं होतं.

चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सोलापूर हे नाव तिला आता कायद्यानं चिकटलेलं आहे, ते बरंच झालं. गावाला नाव मिळालं, सुताला मिळालं. लाल रंगानं घरं भरणाऱ्या बोटांना कुठल्या कागदात जागा आहे, ते त्या बोटांनी कधी विचारलेलं नाही. दोन दिवसांनी चाचणीवालीचा निरोप आला, नॉर्वेहून. बाही नीट बसली म्हणाली, आणि पुढे: हे फूल आमच्याकडे हातमोज्यांवर असतं, तुम्ही आमच्याकडून घेतलंत का? मी वाचत बसले. सेल्बू नावाच्या गावात 1857 मध्ये मारित एम्स्टाड नावाच्या कोवळ्या मुलीनं काळ्या-पांढऱ्यात आठ पाकळ्यांचे हातमोजे विणले, घालून चर्चमध्ये गेली, आणि गावभर ती नक्षी झाली. आज ते फूल गावाच्या नावानं ओळखलं जातं. तिकडेही गावाच्याच नावानं! पण निदान मारितचं नाव तरी कुणी लक्षात ठेवलं.

पुढच्या रविवारी चादर पिशवीत घालून अण्णांकडे गेले. मैत्रिणीच्या आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली, वर दही. अण्णांनी चादर पसरली, आणि सवयीनं उलटी केली.

"हे तुमचं का, अण्णा?"

"न्हाई." मग काठावरून बोट फिरवत, "असंल बी. असली शंभर काडली असतील." एका मालकाच्या वाड्यात नक्षीची फरशी होती. ह्याच्यासारखं काढ म्हणाला, म्हणून फरशीवर कागद ठेवून गिरवलं होतं. फरशीवाल्यानं कुठून काढलं मग? "त्येला इचारा." मी नॉर्वेचं सांगितलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. "घरात गोल बसत न्हाई, ताई. सरळ चार, तिरपे चार. आठच बसतात. तिकडं बी घरंच असणार की."

मी ते रिकामं घर दाखवलं. हे? हे कशाला सोडलं होतं कुणी? अण्णा माझ्याकडे बघत राहिले, जणू मी चेष्टा करतेय. दोरा लांब जातो, म्हणाले. पाकळी रुंद झाली की दोरा न बांधता फार लांब धावतो, सैल पडतो, नखाला अडकतो. म्हणून मध्ये एक घर सोडून त्याला धरायचं असतं. शोभा बिभा काही नाही. मग त्यांनी माझा नमुना पुन्हा मागितला, उलटा केला, आणि बरोबर त्या जागी बोट ठेवलं. आठही पाकळ्यांच्या टोकाशी दोरा धरलेला होता, बाकी सगळीकडे लोंबत होता. इतके दिवस मी ती बाजू बघितलीच नव्हती.

ती ओळ अजून फाइलमध्ये आहे. दोनदा खोडली, दोनदा लिहिली. नावाआधी 'डिझाइन' ऐवजी दुसरा कुठला शब्द घालावा हे सुचत नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, मराठीत तुमचा गोंधळच आहे. खाट विणता, टोपली विणता, चादर विणता, स्वेटर विणता. तेलुगूत मागावरचं ते 'नेत' आणि सुयांवरचं 'अल्लिक', वेणी घालतात तसलं. बापाचं नेत, तुझं अल्लिक, भांडण कशाचं? भांडण कुणी काढलंच नव्हतं, हे तिला सांगायचं राहिलं.

अण्णांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. नमुन्याच्या वरच्या कडेला मी टाके बंद केले नव्हते, नुसते एका दोरीत ओवून ठेवले होते. ती दोरी त्यांनी काढून टाकली होती आणि सुटलेलं टोक चिमटीत धरून ओढत होते. एक टाका गेला, मग दुसरा, मग अख्खी ओळ. मागावरचं कापड असं कधी जात नाही. तुटलं तर तुटतं, फाटतं, पण निघून येत नाही. "सगळं एकाच दोऱ्याचं?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात भीती होती की आनंद, मला कळलं नाही.

"एकाच. फुलापर्यंत."

"परत हुतंय न्हवं?"

"होतं."

ते ओढत राहिले. लहानपणी कांड्या भरलेल्या माणसाचे हात, लोकर जमिनीवर पडूच दिली नाही, चार बोटांवर गुंडाळत नेली. पांढरी काठपट्टी संपली, फुलाची पहिली ओळ आली आणि दोन दोरे निघायला लागले, एक पांढरा, एक लाल. अण्णांनी मान वर केली नाही. लाल दोरा त्यांनी डाव्या हातावर घेतला.